पांढऱ्याच्या चार जाती

मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याच्या नाक्यापासून जवळच्या एका गल्लीत, पिठाची गिरणी दिवसातून अनेकदा मध्येच थांबत असे. कापडगिरण्यांचा संप फिसकटल्यानंतरची ती वर्षे. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका त्यावर कुरकुर करत नसत. "कुत्र्याचा फोटो चाललाय," असे एकीने दुसरीला सांगितले की सगळ्या गप्प उभ्या राहत. भिंतीपलीकडून मुठीचे ठोके आले की गिरणीवाला भानुशाली पट्टा सरकवी आणि पुन्हा ठोके आले की चालू करी. भिंतीपलीकडे डॉ. मालती तोरसकर यांचा जनावरांचा दवाखाना होता.

गिरणी चालू असताना एक्स-रे काढला तर टेबल थरथरे आणि विजेचा दाबही पडे. यंत्र जुने होते. माणसांच्या एका बंद पडलेल्या नर्सिंग होममधून आणलेले. त्याच्याकडून नीट फिल्म मिळवायची तर गल्लीने सहकार्य करणे भाग होते.

"बाई, तुमचा कुत्रा श्वास घेईपर्यंत माझं गिऱ्हाईक जातंय," भानुशाली तक्रार करी.

"जाऊन जाऊन जाणार कुठे? गल्लीत दुसरी गिरणी आहे?" बाई विचारत.

त्या काळी मी एका मराठी दैनिकात उपनगरांच्या बातम्या करत असे आणि त्याच गल्लीत राहत असे. रविवारच्या पुरवणीसाठी संपादकांनी 'कुत्र्यांची डॉक्टरीण' असे शीर्षक आधीच ठरवून मला त्यांच्याकडे पाठवले. बाईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, चहा दिला, आणि फोटोग्राफरला हात करून थांबवले. "माझा फोटो नको. फुप्फुसाचा छापा. लोकांना त्यातून काहीतरी कळेल." संपादकांना फुप्फुस नको होते. लेख छापून आला नाही. मी मात्र त्यानंतर अधूनमधून तिथे जाऊन बसू लागलो.

त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेले फार थोडे. वडील वेंगुर्ल्याकडचे, लालबागच्या एका गिरणीत कामाला. पशुवैद्यक महाविद्यालयात वर्गात त्या एकट्याच मुलगी. बाकी जे कळले ते पाहून. अंगात नेहमी शिसे घातलेला जड एप्रन असे; दोन फिल्मांच्या मध्येही तो त्या काढत नसत, त्यामुळे खांदे पुढे झुकले होते. बोटांची टोके औषधांनी पिवळट पडलेली. डार्करूममधून बाहेर आल्या की त्यांच्याबरोबर फिक्सरचा आंबट वास बाहेर येई आणि बाकावरची मांजरे नाके वर करत.

छातीची फिल्म हे त्यांचे खास काम. अंधेरी, बोरिवलीपासून डॉक्टर आपले कुत्रे त्यांच्याकडे पाठवत. या कामातली मुख्य अडचण त्या एका वाक्यात सांगत. माणसाला म्हणता येते, श्वास घ्या, रोका. कुत्र्याला म्हणता येत नाही. अर्धवट श्वासात फिल्म निघाली तर चांगले फुप्फुसही धुरकट दिसते. म्हणून बाईंचा कंपाउंडर बाबू गावकर कुत्र्याचे नाक क्षणभर बोटांनी बंद करून सोडून देई. सुटलेला कुत्रा घाबरून खोल श्वास घेई, बरगड्या फुलत, आणि त्या क्षणाला बटण दाबायचे.

"बाई, भरल्यान," बाबू सांगे.

यंत्राचा खट्ट आवाज होई. मग भिंतीवर ठोके. मग गिरणी.

फिल्म वाळली की दिव्याच्या पेटीवर लागे आणि बाई फुप्फुसावर एक तपकिरी पुठ्ठा ठेवत. त्याच मापाने कापलेले लहानमोठे पुठ्ठे त्यांनी खिळ्याला टांगून ठेवले होते. फुप्फुस झाकून त्या आधी पाठीचा कणा बघत, मग बरगड्या, मग पोटाचा पडदा, मग हृदय. पुठ्ठा सगळ्यात शेवटी उचलायचा. शिकायला आलेले तरुण डॉक्टर अस्वस्थ होत.

"मॅडम, फुप्फुसासाठीच काढलाय ना फोटो?"

"श्रीखंड दिसलं म्हणून तू पहिल्यांदा तेच खातोस का? नंतर भाजी जाते का घशाखाली?"

पुठ्ठा उचलल्यावर त्या विचारत, "सांग. पांढरं कुठल्या जातीचं?"

निरोगी फुप्फुस फिल्मवर काळे दिसते, कारण त्यात हवा असते. आजार पांढरा दिसतो. बाईंच्या मते या पांढऱ्याच्या चार जाती होत्या, आणि पुस्तकातली लांबलचक नावे बाजूला ठेवून त्यांनी त्यांना घरातली नावे दिली होती. कापूस, मलमल, बांगड्या, वाटाणे. हवेच्या पिशव्यांत पाणी किंवा पू भरला की कापूस. त्या कापसातून श्वासनलिका काळ्या फांद्यांसारख्या दिसतात. पिशव्यांच्या मधल्या भिंती जाड झाल्या की सगळे मलमलीतून पाहिल्यासारखे. नलिकांनाच सूज असली की आडव्या कापलेल्या नळ्या बांगड्यांसारख्या गोल. आणि कुठूनतरी कॅन्सर येऊन फुप्फुसात बसला की वाटाणे. पहिल्या तीन जातींवर औषध असते, असे त्या म्हणत. चौथीपुढे बोलत नसत.

स्वभाव मवाळ नव्हता. अंधेरीचा एक तरुण डॉक्टर, नाव प्रधान, एका अधिकाऱ्याच्या लठ्ठ लॅब्राडोरला न्यूमोनिया म्हणून इंजेक्शने देत होता. गुण येईना, तेव्हा कुत्रा आणि मालक दोघांना घेऊन तो मुलुंडला आला. बरोबर आपली फिल्मही आणली. सगळीकडे मलमल. बाईंनी बाबूला खूण केली, गिरणी थांबवली, पूर्ण श्वासात नवी फिल्म काढली. मलमल नव्हती. जी थोडी होती ती वयाची होती.

"याला सांग," बाई प्रधानला म्हणाल्या आणि मालकाकडे बोट केले.

"मॅडम, आपण जरा आत बोलू या का?"

"आत कशाला? सुया त्याच्या कुत्र्याने खाल्ल्यात. काय झालं ते त्याला सांग."

प्रधानने सांगितले. चेहरा लाल झाला होता. अधिकारी बराच वेळ कुत्र्याच्या टोचून टोचून कडक झालेल्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला आणि निघून गेला. त्यानंतर प्रधान मुलुंडला यायचा बंद होईल असे वाटले होते. तो दर आठवड्याला येऊ लागला. अशा वेळी बाईंच्या बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे, दोन्ही पक्ष दवाखान्याच्या बाकावरच तयार होत. 'पोराला चारचौघांत असं करायला नको होतं' हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दा. बाई तो ऐकून घेत आणि पुढच्या जनावराला आत बोलावत.

एकदा मढच्या एका बंगल्यावर शूटिंग चालू होते. तिथून एक काळा कुत्रा जीपमध्ये घालून आणला गेला. त्याला होडीतून पाण्यात उडी मारायची होती. त्याने ती मारली, आणि लाटेत सापडून बरेच पाणी नाकातोंडात गेले. फिल्म जवळजवळ काळीच आली. सोबतच्या प्रॉडक्शन मॅनेजरने आनंदाने गॉगल डोक्यावर चढवला.

"साफ आहे ना बाई? मग उद्या सकाळी सीन आहे आपला."

"साफ आहे असं मी म्हटलं नाही. अजून दिसत नाही, असं म्हटलं. फुप्फुस उशिरा बोलतं. कुत्रा इथे राहील."

"अहो, हिरोपेक्षा याच्या तारखा जास्त आहेत. वाट लागेल आमची."

"मग दुसरा आणून काळा रंग मारा. मेकअपवाला असेलच तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर खालच्या भागात कापूस आला होता. मॅनेजर ती फिल्म बघत उभा राहिला. सकाळी पुन्हा पाण्यात टाकला असता तर काय झाले असते, हे त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. कुत्रा वाचला. चित्रपटात रंगवलेलाच कुत्रा होता असे नंतर कोणीतरी सांगितले. खरेखोटे तपासलेले नाही.

बाईंची एक पद्धत मात्र लोकांच्या अंगावर येई. फिल्म बघून त्यांनी एखाद्या जनावराला कायमची झोप दिली, तर त्या मालकाला विचारत: "उघडून बघू?" मालक हो म्हणाला तर त्याच दिवशी छाती उघडत. फिल्मवर जे वाचले ते आत आहे की नाही, हे हाताने चाचपत. पुष्कळ लोक नाही म्हणत. काही रागावत. एका गृहस्थांनी त्यांना कसाबकरीण म्हटल्याचे मी ऐकले आहे.

"मी जे बोलले त्यावर तो जीव गेला," त्या म्हणाल्या. "ते खरं होतं का, एवढं बघायला नको?"

आजवर ते खरे निघत आले होते. बाबू गावकर हे अभिमानाने सांगे. बाई त्याला गप्प करत.

आमच्याच इमारतीत शैला नाबर राहत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, लग्न केलेले नाही, घरी म्हातारे वडील. आई कॅन्सरने गेलेली. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि ते दिवसभर खाटेवर असत. त्यांच्या पायाशी एक पांढरी पॉमेरियन कुत्री बसलेली असे, स्वीटी. शैला कामावर गेल्यावर घरात बोलणे होई ते या दोघांत. नाबरकाकांचे शब्द अर्धे बाहेरच्यांना कळत नसत. कुत्रीला कळत.

स्वीटीच्या स्तनाला गाठ झाली. शैलाने आधी तेल लावले, मग ओळखीच्या कोणीतरी दिलेली भुकटी. गणपतीच्या दिवसांत गाठ फुटली आणि रक्त थांबेना. मी घरी होतो, म्हणून सोबत गेलो.

बाईंनी शैलाला स्पष्ट सांगितले. गाठ एकच आहे, मोकळी आहे, कापून निघेल. पण आत पसरलेली असेल तर कापण्यात अर्थ नाही, नुसते हाल. फुप्फुस बघू, मग ठरवू.

बाबू गावकर गणपतीला गावी गेला होता. एरवी प्रत्येक फिल्मच्या आधी तो जनावराच्या अंगावरून, छातीखालून, काखेतून दोन्ही हात फिरवत असे. पट्टा, घुंगरू, चिखलाचा गोळा, काही राहिले तर फिल्मवर उमटते. हा बाईंचाच नियम होता. त्या दिवशी त्यांनी पट्टा स्वतः काढला, पाठीवरून हात फिरवला. छातीखाली हात गेला तशी स्वीटी विव्हळली आणि चावायला फिरली. बाईंनी हात काढून घेतला. "राहू दे. दुखतंय तिला," त्या म्हणाल्या.

बाकी सगळे नियमाने झाले. उताणी झोपवता येईना, म्हणून दोन्ही कुशींवर एकेक फिल्म काढली. मादीचे सड कधीकधी फिल्मवर गाठीसारखे दिसतात, म्हणून त्यांना लांब काडीने बेरियमची, फिल्मवर ठळक उमटणारी, खूण लावली. गिरणी थांबली. श्वास भरला. दोन्ही फिल्मा सुरेख आल्या.

बाईंनी पुठ्ठा ठेवून कणा, बरगड्या, पडदा, हृदय पाहिले. मग पुठ्ठा उचलला. शैलाला जवळ बोलावून पेन्सिलीच्या टोकाने दाखवले. हा एक गोल सड आहे, खूण लावली आहे, तो सोडून द्यायचा. बाकीचे गोल सड नव्हते. दोन्ही फिल्मांवर, फुप्फुसात विखुरलेले, गोल, पांढरे.

"पसरलाय," बाई म्हणाल्या.

शैलाने मान हलवली. आईच्या वेळी असेच कुणीतरी दिव्यासमोर फिल्म धरून दाखवले होते, असे ती म्हणाली. वाटेत ती दोनदा सांगून झाली होती की कॅन्सर निघाला तर हाल करायचे नाहीत, वडिलांशी तसे बोलूनच आणले आहे. इंजेक्शन दिले तेव्हा स्वीटीचे डोके तिच्या हातात होते.

"उघडून बघू?" बाईंनी विचारले.

"बघा. कुणाला उपयोग होत असेल तर बघा."

शैला बाहेर बाकावर जाऊन बसली. बाबू नव्हता, म्हणून बाईंनी दिवा धरायला मला आत बोलावले. मी अपघात, आगी, पडलेल्या इमारती पाहिल्या होत्या. एवढ्या लहान जनावराची छाती उघडताना बघवेल असे मला वाटत होते, आणि बघवलेही.

फुप्फुसे गुलाबी होती. बाईंनी एक भाग बोटांत धरून हलके दाबला, मग त्याच्या पुढचा. टोकापर्यंत गेल्या. दुसऱ्या बाजूचे घेतले. तेही टोकापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पलीकडे गिरणी चालू होती आणि टेबलावरची कात्री बारीक थरथरत होती. त्यांची बोटे जिथे कठीण काही लागायला हवे होते तिथे थांबत, वाट बघत, पुढे सरकत. काहीही नव्हते.

"दिवा इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी कुत्रीचा पुढचा पाय उचलला आणि काखेतले दाट पांढरे केस बाजूला केले. कातडीला चिकटलेले, रक्त पिऊन फुगलेले, राखाडी रंगाचे गोचीड. वाटाण्याएवढे. छातीच्या लोकरीत खोलवर आणखी होते, दुसऱ्या बाजूलाही. गल्लीच्या टोकाला म्हशींचा तबेला होता आणि शैला कुत्रीला तिथूनच फिरवून आणत असे. वरचे केस विंचरलेले, पावडर लावलेले होते. हात घातल्याशिवाय आतले दिसण्यासारखे नव्हते.

बाईंनी दिव्याच्या पेटीकडे पाहिले. फिल्मा अजून तिथेच होत्या. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"कडा," त्या म्हणाल्या. "किती स्वच्छ आहेत कडा. बाहेरचं होतं म्हणून."

मी विचारले, शैलाला आत बोलावू का. त्या हो म्हणाल्या, मग नको म्हणाल्या. हात धुतले. एप्रन काढला. एप्रन न घातलेल्या बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बाहेर बाकावर अल्सेशियन घेऊन एक गृहस्थ होते आणि टोपलीत मांजर घेतलेली एक बाई होती. शैला उठून उभी राहिली. तिला वाटले, शव न्यायची वेळ झाली.

"शैला, फुप्फुसं साफ आहेत. पसरला नव्हता. माझी चूक झाली."

"पण तुम्ही दाखवलेत मला. ते गोल."

"गोचीड होते. अंगावर, केसांत. मी चाचपून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

"म्हणजे गाठ..."

"काढता आली असती."

"मग ती जगली असती?"

"हो."

शैलाने हातातली पर्स उघडली, आत पाहिले आणि बंद केली. आवाज चढला नाही. एक्स्चेंजवर दिवसभर बोलून कमावलेला सपाट आवाज होता तो.

"हे मला कशाला सांगितलंत?"

बाई तिच्या समोरून हलल्या नाहीत.

"नसतं सांगितलं तर चाललं नसतं? आईच्या वेळी बाबांनी ऐकून घेतलं, कॅन्सरपुढे इलाज नाही. आज सकाळी स्वीटीचंही ऐकून घेतलं. आता मी त्यांना काय सांगू? तिला काही नव्हतं, आपण मारली?"

"मी येते. मी सांगते त्यांना."

"तुम्ही येऊ नका."

अल्सेशियनवाले गृहस्थ साखळी आवळून बाहेर पडले. मांजरवाली बाई जागेवरून हलली नाही, पण टोपली तिने मांडीवर ओढून घेतली. स्वीटीला डोंगराकडच्या मोकळ्या जागेत पुरले.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दवाखान्याचा बाक रिकामा पडू लागला. लोकांना चूक झाल्याचा धक्का होताच. त्याहून मोठा धक्का होता बाईंनी ती बोलून दाखवल्याचा. भानुशालीसुद्धा म्हणाला, "बाई, कापलेलं पोट कोण बघायला येणार होतं? शिवून टाकायचं." उपनगरातल्या डॉक्टरांमध्ये ज्येष्ठ असलेले डॉ. जोगळेकर समजवायला आले. मी तिथे होतो.

"मालती, गाठ कॅन्सरचीच होती ना? मग आज नाही तर वर्षाने तेच होणार होतं. तसं सांग त्या बाईला. तिचं मन शांत होईल, आणि आपल्या सगळ्यांचीच लाज राहील."

"वर्षाने तसं झालं असतं की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

"अगं, लोक आता प्रत्येक फिल्मवर शंका घेतात. माझ्याकडे काल एक जण विचारत होता, डॉक्टर, गोचीड नाही ना?"

"मग बघितलंत का तुम्ही?"

जोगळेकर चहा तसाच टाकून गेले.

बाबू गावकर गावाहून खाजे घेऊन परतला तेव्हा त्याला गल्लीच्या तोंडाशीच कळले. तो पिशवी हातात धरून दवाखान्याच्या दारात उभा राहिला. "बाई, माझी वाट बघूक होयी होती तुमी," एवढेच म्हणाला. बाईंनी त्याला सांगितले की नियम त्यांचा होता आणि हातही त्यांना आहेत.

दिवाळीच्या आधी शैला एकदा दवाखान्यात आली. कामावरून थेट आली होती. बसली नाही.

"परत कुणाच्या बाबतीत असं होणार नाही, कशावरून?"

"माझ्या हातून होणार नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही."

"मग बाकीच्यांना सांगा. सगळ्यांना. मी तिथे बसणार आहे."

बाई म्हणाल्या, "या."

उपनगरातल्या पशुवैद्यांची अधूनमधून बैठक भरत असे. त्या खेपेला ती अंधेरीत एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी होती. बाईंनी दिव्याची पेटी टॅक्सीतून नेली. शैला शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी बसली. तिला कोणी ओळखत नव्हते. कुणाची तरी पत्नी असावी असे समजून लोकांनी तिला चहा नेऊन दिला. मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून होतो.

बाईंनी दोन्ही फिल्मा लावल्या. पुठ्ठा ठेवला नाही. हकिकत थोडक्यात सांगितली: वयस्क मादी, स्तनाला गाठ, फुटलेली, रक्त वाहतंय. सडांना बेरियम लावलेलं आहे. बघा. लोक उठून पुढे आले, वाकून पाहिले, जागेवर गेले. कोणाला शंका वाटल्याचे दिसले नाही. मुलुंडची गोष्ट जोगळेकरांना आणि एकदोघांना माहीत होती, पण ह्याच त्या फिल्मा हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. आपली फसलेली फिल्म कोणी चारचौघांत लावील, हे कोणाच्या मनातच आले नसावे.

"शस्त्रक्रिया कोण करील?"

हात वर आला नाही.

"झोप कोण देईल?"

हात वर गेले. प्रधानचा गेला. जोगळेकरांचा गेला. माझ्या नजरेला वर न गेलेला हात दिसला नाही.

मग बाईंनी सांगितले. पहिल्यांदा कोणीतरी हसले. काहींचे हात अजून अर्धवट वर होते. ते सावकाश खाली आले. बाईंनी कडांबद्दल सांगितले, कातडीवरच्या वस्तूभोवती हवा असते म्हणून ती अशी ठसठशीत दिसते, हे सांगितले. कोणी लिहून घेत नव्हते.

शैला उभी राहिली.

"ती कुत्री माझी," ती म्हणाली. सगळे मागे वळले. "मला इतके दिवस वाटत होतं, मी चुकीच्या डॉक्टरकडे गेले. दुसरीकडे नेली असती तर वाचली असती. म्हणजे तसं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनीच मारली असती."

"हो," पेटीजवळून बाई म्हणाल्या.

"आणि नंतर मला येऊन कुणी सांगितलं असतं?"

तिने खरोखरच उत्तराची वाट पाहिली. रांगेरांगेतून नजर फिरवली. जोगळेकर चष्मा पुसत होते. प्रधानने खाली पाहिले. एकही हात वर झाला नाही.

शैलाने खुर्चीवरची पर्स उचलली आणि ती बाहेर गेली.

त्या बैठकीची बातमी कुठे आली नाही. पुढे माझी बदली नागपूर आवृत्तीला झाली, आणि परतलो तोवर बाईंनी दवाखाना दुसऱ्या डॉक्टरला दिला होता. त्यामुळे त्या दोघींना एकत्र पाहिले ते त्या रविवारी, बैठक संपल्यानंतर, शेवटचे.

अंधेरीच्या बस थांब्यावर शैला एका टोकाला उभी होती. बाई दिव्याची पेटी प्रधानच्या गाडीत देऊन चालत आल्या आणि दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. फिल्मांचे पाकीट काखेत होते. मग बाईंनी विचारले, "बाबा कसे आहेत?"

"त्यांना मी अजून सांगितलेलं नाही," शैला म्हणाली. "रोज ठरवते. ते विचारतात, फार त्रास झाला नाही ना तिला. मी म्हणते, नाही, कॅन्सर होता, सुटली."

बाईंनी मान हलवली. मुलुंडची बस आली, रविवारची, जवळजवळ रिकामी. शैला चढली आणि पुढच्या बाजूला जाऊन बसली. कंडक्टरने दांड्याला धरून बाईंकडे पाहिले.

"मुलुंड ना? या, जागा आहे."

बाईंनी हाताने नाही अशी खूण केली. कंडक्टरने घंटी दिली. बस वळणापलीकडे गेली तरी त्या तिकडेच बघत थांब्यावर उभ्या होत्या.